वाळवंटातील वाट आणि वाटमारी

(विद्यार्थी व पालक यांच्यासाठी सुट्टीपूर्वीचा पाठ)



दिवाळीची सुट्टी जवळ आली की आपल्या बडोद्यातील मराठी घरांत प्रवासाचे बेत सुरू होतात. पूर्वी आगगाडीने मुंबई-पुण्याला नातलगांकडे जाणे हाच सुट्टीचा कार्यक्रम असे. आता पुष्कळ घरी मोटार आहे आणि ओढ आहे ती कच्छच्या रणाची व जैसलमेरच्या वाळूची. बडोद्याहून जैसलमेर सुमारे साडेसहाशे किलोमीटर. त्यातला शेवटचा टप्पा थरच्या वाळवंटातून जातो. बाडमेर ते जैसलमेर हे सुमारे दीडशे किलोमीटर अंतर आहे. मोठी गावे त्यात मोजकीच. कच्छमध्ये खावड्याहून धोलावीऱ्याकडे जाणारा रस्ता तर कित्येक किलोमीटर रणाच्या मधूनच जातो. दोन्ही बाजूंना मीठ, वर आकाश, आणि मदतीला हाक मारावी तर जवळ कोणी नाही.

अशा वाटेवर लुटारूंपासून सावध कसे राहावे, हा या पाठाचा विषय आहे. आम्हांला कोणाला घाबरवायचे नाही. थर आणि कच्छ पाहून दरवर्षी असंख्य कुटुंबे सुखरूप घरी येतात. रात्रीची झोप, रस्त्यात आडवी येणारी गुरे, नीलगाई व उंट यांचा धोका तिथे लुटारूंपेक्षा मोठाच आहे. पण शहरात आपण घराला कुलूप लावतो ते रोज चोर येतो म्हणून नव्हे. तशीच ही काळजी.

जुनी वाट, जुने भय

वाळवंटातली वाटमारी आजची नाही. पाली भाषेतील जातककथांमध्ये पहिलीच कथा, ‘अपण्णक जातक’, वाळवंट ओलांडणाऱ्या व्यापारी तांड्याची आहे. त्या कथेत ‘कांतार’ म्हणजे ओसाड प्रदेश पाच प्रकारचे सांगितले आहेत: चोरांचे, हिंस्र पशूंचे, पाणी नसलेले, भुताखेतांचे आणि अन्न नसलेले. त्यात पहिले नाव चोरांच्या कांताराचे आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

कथा थोडक्यात अशी. काशीहून दोन सार्थवाह, म्हणजे तांड्याचे नायक, प्रत्येकी पाचशे गाड्या घेऊन निघाले. वाटेत साठ योजनांचे निर्जल वाळवंट होते. पहिला नायक उतावळा. वाळवंटात त्याला समोरून एक रथ येताना दिसला. रथातल्या माणसाचे केस आणि कपडे ओले होते, गळ्यात कमळांच्या माळा होत्या, चाकांना चिखल लागला होता. तो म्हणाला, पुढे रान हिरवे आहे, पाऊस पडतो आहे, हे पाण्याचे रांजण उगाच कशाला वाहता? नायकाने सारे पाणी ओतून टाकले. पुढे एक थेंब मिळाला नाही. माणसे व बैल थकून पडले, पहारा कोणी ठेवला नाही, आणि रात्री यक्षांनी साऱ्या तांड्याला गिळले.

काही आठवड्यांनी दुसरा नायक, म्हणजे बोधिसत्त्व, त्याच वाटेने आला. मला विचारल्यावाचून ओंजळभर पाणीही वापरायचे नाही, असे त्याने आपल्या माणसांना आधीच बजावले होते. त्यालाही तोच रथ भेटला आणि तेच सांगण्यात आले. त्याने आपल्या माणसांना विचारले, “पावसाचा वारा किती दूर येतो? तो तुमच्यापैकी कोणाच्या अंगाला लागला का? वीज कोणी पाहिली का? गडगडाट कोणी ऐकला का?” सगळ्यांचे उत्तर ‘नाही’ असेच होते. पाणी तसेच राहिले. रात्री गाड्यांचे कडे केले, बैल व माणसे मध्ये ठेवली, आणि स्वतः निवडक माणसांसह तलवार घेऊन पहाट होईपर्यंत पहारा केला. तो तांडा सुखरूप पार पडला.

ही कथा आम्ही सविस्तर सांगितली, कारण आजची वाटमारीही याच रीतीने चालते. लुटारूला तीन गोष्टी हव्या असतात. तुम्ही थांबला पाहिजे, तुम्ही एकटे असला पाहिजे, आणि तुम्ही कुठे आहात हे दुसऱ्या कोणाला ठाऊक नसले पाहिजे. बहुतेक वेळा तो बळाने थांबवत नाही. काहीतरी दाखवून किंवा सांगून तुम्हांला स्वतःहून थांबायला लावतो. म्हणून या तीन गोष्टी त्याला मिळू न देणे, एवढीच या पाठाची गुरुकिल्ली आहे.

त्रागा आणि वाटेवरची सोबत

गुजरात आणि राजस्थानात पूर्वी व्यापारी तांडे एकटे निघत नसत. चारण किंवा भाट सोबत घेत. चारणाची सोबत म्हणजे शस्त्रापेक्षा मोठे संरक्षण समजले जाई. लुटारू आडवे आले की चारण पुढे होऊन सांगे, या माणसांना हात लावाल तर मी माझ्या अंगावर शस्त्र चालवून घेईन, आणि माझ्या रक्ताचे पाप तुम्हांला लागेल. चारणाचे रक्त सांडण्याचे पाप डोक्यावर घ्यायला लुटारूही धजत नसत. या कृत्याला ‘त्रागा’ म्हणत. आज आपण घरी रागाने आदळआपट करणाऱ्याला “त्रागा करू नकोस” म्हणतो, तो हाच शब्द. त्यामागे वाळवंटातल्या वाटेवरचा इतका जुना इतिहास आहे!

आज चारण सोबत येत नाही. पण ‘एकट्याने निघू नये, आणि वाटेवरच्या माणसांत ज्याचा शब्द चालतो तो आपल्या बाजूला असावा’ हे तत्त्व तसेच आहे. आजच्या काळात ही सोबत म्हणजे दुसरी मोटार, घरी वाट पाहणारा माणूस, ढाब्यावरचा ओळखीचा मालक, आणि ११२ हा क्रमांक.

निघण्यापूर्वी

पहिला नियम वेळेचा. वाळवंटातला टप्पा सूर्य असतानाच संपवावा. नोव्हेंबरात जैसलमेरकडे संध्याकाळी सहाच्या आसपास सूर्य मावळतो आणि सकाळी सातच्या सुमारास उगवतो. म्हणजे हाती साधारण अकरा तास असतात. त्यातला शेवटचा तास पंक्चर, फाटक, गर्दी यांसाठी राखून ठेवावा. संध्याकाळी चार वाजता शंभर किलोमीटर उरले असतील तर पुढे रेटू नये, जवळच्या गावात मुक्काम करावा. मुक्कामाचे चारपाचशे रुपये वाचवण्यासाठी अंधारातली वाट धरू नये.

कायद्यानेही हा फरक मानला आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत साध्या जबरी चोरीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होती. तीच महामार्गावर सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात झाली तर चौदा वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०९ मध्येही ही तरतूद कायम आहे. पाच किंवा अधिक माणसांनी मिळून जबरी चोरी केली तर कायदा त्याला ‘दरोडा’ म्हणतो. ते कलम ३१०. गुजरातीत याच दोन गुन्ह्यांना ‘लूंट’ आणि ‘धाड’ म्हणतात. पोलीस ठाण्यात हे शब्द ऐकू येतील, म्हणून मुलांनी ते जाणून घ्यावेत.

दुसरा नियम गाडीचा. टाकी अर्धी झाली की भरून घ्यावी, ‘पुढच्या पंपावर बघू’ असे म्हणू नये. स्टेपनीत हवा आहे का ते निघण्याच्या आदल्या दिवशी पाहावे. जॅक, पाना, हवा भरण्याचा छोटा पंप, टॉर्च आणि वाळूत रुतल्यास उपयोगी पडणारे लहान फावडे बरोबर असावे. माणशी दिवसाला निदान चार लिटर पाणी गाडीत ठेवावे, आणि जातकातल्या नायकाप्रमाणे ते शेवटपर्यंत राखावे.

तिसरा नियम ऐवजाचा. अंगावरचे सोने घरी ठेवावे. सहलीच्या छायाचित्रात मंगळसूत्र साधे दिसले तरी काही बिघडत नाही. रोख रक्कम एका पाकिटात न ठेवता तीन ठिकाणी विभागावी. वरच्या पाकिटात थोडे पैसे व एखादे जुने कार्ड असावे. प्रसंग आलाच तर तेच पाकीट पुढे करता येते. प्रत्येक फोनवर *#०६# दाबले की आयएमईआय क्रमांक दिसतो. तो वहीत लिहून घरी ठेवावा. फोन गेला तर ‘संचार साथी’ या सरकारी सेवेतून तो बंद करून घेता येतो.

चौथा नियम निरोपाचा. आज कोणत्या रस्त्याने, कुठून कुठे, किती वाजेपर्यंत जाणार हे घरी दोघांना लिहून द्यावे. त्यांतले एक आजी किंवा आजोबा असले तर उत्तमच, कारण ते वेळेची आठवण काटेकोर ठेवतात! ठरलेल्या वेळी फोन आला नाही तर किती वेळ थांबायचे आणि मग कोणाला कळवायचे, हेही आधीच ठरवावे. वाळवंटात फोनला रेंज नसणे नेहमीचे आहे, त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांतच घाबरून जाऊ नये. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवावा.

वाटेवर: थांबवण्याच्या युक्त्या

आता मुख्य भाग. निर्जन जागी तुम्हांला थांबवण्यासाठी पुढील गोष्टी केल्या जातात. शेजारून जाणारा मोटारसायकलवाला हातवारे करून “चाक बसले” किंवा “धूर येतोय” असे सांगतो. गाडीखाली काहीतरी लोखंडी आदळल्याचा आवाज येतो. काचेवर चिखल, अंडे किंवा तेल येते. रस्त्यावर दगड किंवा काटेरी फांद्या रचलेल्या असतात. कोणी पुढे येऊन सांगतो, “रस्ता बंद आहे, या कच्च्या वाटेने जा.”

२०१६ मध्ये उत्तर प्रदेशात बुलंदशहराजवळ महामार्गावर एका कुटुंबाची गाडी अशाच आवाजाने थांबली आणि त्यांच्यावर भयंकर प्रसंग ओढवला. ते वाळवंट नव्हते, राजधानीजवळचा मोठा रस्ता होता. यावरून जागा कोणतीही असो, आवाज ऐकून अंधारात गाडीतून उतरू नये, हा धडा घ्यावा.

अशा वेळी जातकातल्या नायकाने विचारले तेच विचारावे: आपल्याला स्वतःला काय दिसते, काय जाणवते? चाक खरोखर बसले असेल तर गाडी एका बाजूला ओढली जाते, स्टिअरिंग जड होते. ते जाणवत नसेल तर चालत राहावे. जाणवत असेल तरी अगदी सावकाश गाडी पुढच्या पंपापर्यंत, ढाब्यापर्यंत किंवा टोल नाक्यापर्यंत न्यावी. फार तर टायर आणि रिम खराब होईल, त्याचे पैसे मोजता येतात. काचेवर अंडे आले तरी घाबरून थांबू नये. जेवढे दिसते तेवढ्यावर हळू पुढे जावे.

रस्त्यात अडथळा दिसला तर त्याच्यापाशी जाऊन थांबू नये. शंभर-दीडशे मीटर अलीकडे थांबावे, दारे बंद आहेत याची खात्री करावी, आणि माणसे लपलेली वाटली तर मागे घेऊन वळावे. मात्र घाईने वाळूत उतरू नये. डांबरावरून उतरलेली लहान मोटार मऊ वाळूत लगेच रुतते आणि मग थांबावेच लागते. पुढे मोठी गाडी असेल तर तिची मागची चाके रस्त्याला टेकलेली दिसतील इतके अंतर ठेवून उभे राहावे, म्हणजे बाजूने निघायला जागा राहते. आणि फोनमधला नकाशा ‘जवळची वाट’ म्हणून कच्ची पायवाट दाखवू लागला तर त्यालाही रथातल्या माणसाइतकेच खरे मानावे!

सगळेच लुटारू नव्हेत

जैसलमेरहून समच्या वाळूकडे जाताना बाहेरच्या क्रमांकाची गाडी दिसली की मोटारसायकलवरची तरुण मुले पाठलाग करतात, काचेवर टकटक करतात, आडवी गाडीही घालतात. ते बहुधा लुटारू नसतात. तंबू व उंटाची सफर विकणारे दलाल असतात. तिकडे त्यांना ‘लपके’ म्हणतात. त्यांचा त्रास होतो, पण त्यांच्याशी शर्यत लावून अपघात ओढवून घेऊ नये. काच वर ठेवावी, मुक्काम ठरलेला आहे असे हाताने सांगावे आणि एका वेगाने जात राहावे. मुक्काम आधी ठरवलेला असला की हा प्रश्न निम्मा सुटतो.

सीमेजवळचा भाग असल्याने पोलीस व सीमा सुरक्षा दल यांचे नाके तिथे खरोखर असतात. तिथे थांबलेच पाहिजे आणि कागदपत्रे दाखवलीच पाहिजेत. खऱ्या नाक्यावर अडथळ्याचे फलक, गणवेशातली एकाहून अधिक माणसे आणि सरकारी वाहन असते. निर्जन जागी साध्या कपड्यातला एखादा माणूस “पोलीस” म्हणून हात दाखवू लागला तर काच बोटभर खाली करून नम्रपणे ओळखपत्र मागावे, “साहेब, जवळच्या ठाण्यात येतो” असे सांगावे आणि ११२ वर विचारून घ्यावे. खऱ्या पोलिसाला यात राग येण्याचे कारण नाही.

मदत की सापळा?

या पाठातला सर्वांत अवघड प्रश्न हा आहे. रस्त्याच्या कडेला माणूस पडलेला दिसला, गाडी उलटलेली दिसली, तर काय करावे? “थांबू नका” असे सरसकट शिकवणे आम्हांला पटत नाही. वाळवंटात वाटसरूला पाणी पाजणे हा मोठा धर्म मानतात. पाणपोया गावोगावी दिसतात, आणि तुमची गाडी वाळूत रुतली तर ओढायला येणारा माणूस बहुधा जवळच्या ढाणीतला मेंढपाळच असतो. उद्या आपण पडलेलो असू आणि प्रत्येक गाडी काच वर करून निघून गेली तर?

म्हणून मधला मार्ग धरावा. वेग कमी करावा, दारे बंद ठेवावीत, अंतरावरून पाहावे. शेजारी बसलेल्याने लगेच ११२ किंवा १०८ ला फोन लावावा. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३ ही मदतवाहिनी आहे. दिवसाउजेडी, दुसऱ्या गाड्या थांबलेल्या असतील आणि अपघात उघड दिसत असेल तर थांबून मदत करावी. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आले असून सद्भावनेने मदत करणाऱ्यावर त्यामुळे खटल्याची जबाबदारी येत नाही. अंधार असेल, एकटे असाल, मन साशंक असेल तर पुढच्या वस्तीत जाऊन चार माणसांना सांगावे आणि जमल्यास त्यांच्यासह परत यावे. निघून जाऊन गप्प बसणे एवढे मात्र करू नये.

प्रसंग आलाच तर

प्रतिकार करू नये. पैसा, फोन, गाडीसुद्धा पुन्हा मिळवता येते. हात दिसतील असे ठेवावेत, खिशात हात घालण्याआधी सांगून घालावा, नजर रोखून पाहू नये, वाद घालू नये. मुलांनी आईबाबांजवळ शांत बसावे, शौर्य दाखवू नये. मात्र लक्ष ठेवावे: माणसे किती, बोली कोणती, वाहन कोणते, कोणत्या दिशेला गेले. नंतर पाठलाग करू नये. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी ११२ हा क्रमांक पुष्कळदा दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावरून लागतो, म्हणून प्रयत्न करावाच. गाडी बंद पडली तर भर उन्हात पायी निघू नये, गाडीजवळच राहावे.

तक्रार कुठेही देता येते. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी जवळच्या ठाण्याने माहिती नोंदवून घ्यायची आहे. “आमची हद्द नाही” असे उत्तर मिळाले तर नम्रपणे हे कलम सांगावे.

मुलांचे काम

मित्रांनो, गाडी चालवणाऱ्याला फोन पाहता येत नाही. म्हणून वाटाड्याचे काम तुमचे. रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड वाचायला शिका. डोक्यावर पिवळा रंग असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग, केशरी असेल तर खेड्याचा रस्ता. एका वहीत दर अर्ध्या तासाने वेळ, रस्त्याचा क्रमांक, शेवटचा दगड आणि मागे पडलेले गाव लिहा. ११२ वर “आम्ही वाळवंटात आहोत” असे सांगून मदत येत नाही. “राष्ट्रीय महामार्ग ६८, अमुक गाव सोडून आठ किलोमीटर” असे सांगितले तर येते. हे सांगणारा आवाज पाचवीतल्या मुलीचाही असू शकतो.

विश्वस्त मंडळालाही विनंती आहे की शाळेच्या लांबच्या सहलीसाठी हेच नियम लेखी असावेत: रात्रीचा प्रवास नाही, दुसरा चालक बरोबर, मार्ग व वेळांची प्रत कार्यालयात, आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी फोन घेणारा एक जबाबदार माणूस.

स्वाध्याय

१. लुटारूला हव्या असलेल्या तीन गोष्टी कोणत्या? प्रत्येकीवर एक उपाय लिहा.

२. जातकातल्या दुसऱ्या नायकाने पाणी का ओतले नाही? त्याने कोणते पुरावे मागितले?

३. ‘त्रागा’ या शब्दाचा जुना आणि आजचा अर्थ सांगा.

४. आईबाबांबरोबर बसून तुमच्या पुढच्या प्रवासाचा तक्ता करा: निघण्याची वेळ, सूर्यास्ताची वेळ, पेट्रोलची ठिकाणे, निरोपाच्या वेळा. तक्त्याची एक प्रत आजी-आजोबांना द्या.

प्रवास जरूर करा. वाळवंटातले तारे पाहा, ढाणीतल्या माणसांशी बोला, त्यांच्या हातचा चहा घ्या. सुट्टी सुखाची जावो आणि शाळा उघडेल त्या दिवशी वर्गात सगळे हजर असोत, हीच आमची इच्छा.